शून्य दाराकडे

तीन

शटर निम्मं खाली होतं म्हणून चिमी वाकून आत आली, आणि कंबर सरळ करताना तिला पहिल्यांदा दिसला तो दात. मोजमापाच्या काळ्या दगडी टेबलावर, जिथे ती कुणाला चहाचा कपसुद्धा टेकवू देत नसे, तिथे तो मुळासकट पडला होता. शेजारी रक्त, आणि रक्तात चार बोटांचा फराटा. कुणीतरी पडता पडता टेबल धरायला गेल्यासारखा.

"आलीस? शटर ओढून घे," दादा म्हणाला. "कडी लाव."

तिने ओढलं, कडी लावली. थोरल्या भावाने सांगितलं की आधी करायचं आणि मग विचार करायचा, ही फ्रॉक घालायच्या वयापासूनची सवय.

मग तिला नवरा दिसला.

दुकानातला फिटर तोच. हँडप्रेसपुढे गुडघ्यांवर होता. उजवा पंजा प्रेसच्या पाटावर पालथा, मनगटावर आडवी लोखंडी पट्टी, पट्टीची दोन्ही टोकं क्लॅम्पने आवळलेली. बोटांच्या वर वीतभर अंतरावर प्रेसचा ठोकळा लटकत होता. हा प्रेस त्यांच्या बापाच्या वेळचा. स्क्रूचे आटे इतके झिजलेले की दांडा हातातून सुटला की वरचे बिडाचे दोन गोळे आपोआप गरगरत आणि ठोकळा खाली येऊन आदळे. जाड पत्रा वाकवायला तेवढं पुरायचं. तो दांडा दादाने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्याच्या बोटांच्या पेरांवरची सालं निघाली होती.

"अहो," चिमी म्हणाली.

"काही नाही गं," फिटर म्हणाला. ते 'काही नाही' तोंडातल्या रक्तातून बुडबुडत बाहेर आलं.

"मोबाइल दे त्या कूलंटच्या टाकीत टाकून," दादा म्हणाला.

ती हलली नाही. दादाने दांडा किंचित सैल केला. गोळे पाव फेरा फिरले, ठोकळा बोटभर खाली आला, आणि दादाने पुन्हा घट्ट धरला. चिमीने मोबाइल टाकला. दुधट पाण्यात तो थोडा वेळ उजेड पाडत राहिला, मग विझला.

"बगळा चालू कर."

बगळा म्हणजे मापाचा आर्म. टेबलाच्या कडेला पक्का बसवलेला, सांध्यासांध्यांचा, हाडकुळा. टोकाला लांब चोच आणि चोचीच्या टोकाला मोहरीपेक्षा जरासा मोठा माणकाचा मणी. मणी वस्तूला टेकवायचा, बटण दाबायचं, टिक् वाजतं, आणि तो बिंदू लॅपटॉपवर उमटतो. पण बगळ्याला स्वतःच्या पायाशिवाय काही ठाऊक नसतं. समोर ठेवलेली प्लेट आडवी की तिरपी, तिची सुरुवात कुठली, हे त्याला आधी शिकवावं लागतं. वरच्या सपाटीवर तीन टिक्, एका कडेवर दोन, आणि एक शून्याला. तेवढं झालं की बगळा प्लेटच्या नजरेने बघायला लागतो. तेवढं चुकलं तर पुढचं सगळं बिनचूक मोजलेलं असतं, आणि सगळं चुकलेलं.

टेबलावर, दातापलीकडे, मोठ्या प्रेसची फुटकी नवी प्लेट ठेवलेली होती. दादाने आधीच आणून ठेवली होती, टेबलाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी अडणाला टेकवून, नेहमीसारखी.

"दादा, तू दोन दिवस झोपला नाहीस."

"मोज."

"धाकट्याचं काय म्हणतात डॉक्टर?"

"मोज, चिमे."

त्याच्या अंगावरचा शर्ट परवाचाच होता. छातीवरचं रक्त वाळून कडक झालेलं. परवा मोठ्या प्रेसवर धाकटा भाऊ होता. नवी प्लेट लावली, दहा-बारा तुकडे चांगले निघाले, आणि पुढच्या ठोक्याला वरचा पंच खाली जाताना प्लेटच्या तोंडात शिरायच्या ऐवजी तोंडाच्या कडेवर बसला. पोलादाचा पंच काचेसारखा फुटला, प्लेटही फुटली. एक कपची धाकट्याच्या डाव्या डोळ्यात. दादाने त्याला लहान पोराला उचलावं तसं दोन हातांवर उचललं आणि रस्त्यावर मधोमध उभं राहून पहिला टेम्पो अडवला. त्या टेम्पोवाल्याच्याही कानाखाली एक ठेवून दिली होती, म्हणे, वेग वाढवावा म्हणून.

"मी कुणाला उगाच मारत नाही," दादा म्हणाला. "तुला ठाऊक आहे. मोजून मारतो."

"मग हा दात?"

"तो ॲडव्हान्स."

फिटर हसला की कण्हला ते कळलं नाही.

"लॅपटॉपवर तुझी फाइल उघड, जिच्यावरून प्लेट कापली ती. नवी प्लेट फाइलीप्रमाणे असली तर पट्टी काढतो, जावईबापूंच्या पाया पडतो. नसली तर त्यांनी हात चालवलाय. मग हा हात राहत नाही. धाकट्याचा एक डोळा, यांचा एक हात. हिशेब सोपा आहे."

"मी सांगितलं ना, दादा," फिटर म्हणाला. "कड मी घासली. नाही म्हणतोय का? पंच एका अंगाला घासत होता म्हणून घासली. तुम्हीच म्हणालात, संध्याकाळच्या आत बसव."

"बसव म्हणालो. बिघडव नाही म्हणालो."

चिमीने बगळ्याची मान हातात घेतली. मणी सपाटीवर टेकवला. स्क्रीनवर बिंदू उड्या मारत होता, म्हणून तिने दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट धरलं.

टिक्.

टिक्.

तिसरा टिक् प्लेटच्या त्या टोकाला, जिथे कपची उडाली होती. तिथे अजून काहीतरी चिकटलेलं होतं. तिने ते पदराने पुसलं आणि काय पुसलं याचा विचार केला नाही.

टिक्.

दोन

कडेवरचा पहिला. टिक्.

बाप गेला तेव्हा दादा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. त्याने दोघा भावंडांना वाढवलं ते एका हाताने घास भरवत आणि दुसऱ्याने बडवत. धाकटा शाळेतून पळाला की पट्ट्याने. चिमीला शेजारच्या पोराने चिठ्ठी दिली तेव्हा त्या पोराला नळावरच्या बादलीत डोकं बुडवून. शिक्षा नेहमी चौकशीनंतर. पुरावा समोर ठेवून. "हे बघ, हे तुझं, हे माझं, आता हात पुढे कर." त्या न्यायीपणाचं गल्लीत कौतुक होतं. घरातल्यांच्या पाठीवर तो उमटलेला होता.

या दुकानात आल्यापासून फिटरला मात्र दादाने कधी बोट लावलं नव्हतं. बहिणीचा नवरा. जेवायला बसला की पहिलं ताट त्याचं. 'जावईबापू' तो थट्टेने म्हणायचा, पण ताट थट्टेचं नसायचं.

"दादा," फिटर म्हणाला, "पाय झोपलाय माझा. ठोकायचं तर ठोका, नाहीतर एक स्टूल द्या."

दादाला हसू आलं. आलंच. खांदे हलले, दांडा हलला, गोळे हलले, आणि ठोकळा झर्रकन खाली येऊन बोटांपासून जाडजूड पोळीएवढ्या अंतरावर थांबला. चिमी किंचाळली. दादाने दात आवळून दांडा उलटा फिरवला, ठोकळा वर चढवला, आणि मग फिटरच्या बरगडीत बुटाची लाथ घातली. एक. मग आणखी एक, पहिलीच्याच जागी.

"हसवू नका मला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आज मला हसवू नका, जावईबापू."

फिटर खाली वाकून ओकला. हात बांधलेला असल्यामुळे त्याला बाजूला होता येईना.

"नाटकं पुरे. दुसरा घे, चिमे."

कडेवरचा दुसरा. टिक्.

एक

शून्य दाराकडे.

हे दुकानातलं पहिलं वाक्य. नवा माणूस कामाला लागला की दादा त्याला चहाच्या आधी हे सांगायचा. चार कोपऱ्यांत चार भोकं असतात, कुठल्याही प्लेटला असतात, आणि मापं सगळी एकाच भोकापासून धरायची असतात. ज्याने त्याने आपल्या मनाने भोक धरलं तर राडा. म्हणून दाराकडचं. शटरकडे तोंड करून उभं राहा, सगळ्यांत जवळचं भोक, तिथे शून्य. डोकं चालवायचं नाही.

चिमीने मणी दाराकडच्या भोकात सोडला, आतल्या गोलाईला चहूकडून टेकवला. टिक् वाजलं. लॅपटॉपवर प्लेटच्या चित्रात तीन रंगांच्या तीन काड्या उगवल्या. बगळ्याला आता प्लेट कळली.

मग ती मोजत गेली आणि दादा मानेने विचारत गेला.

पहिलं भोक. हिरवं.

दुसरं. हिरवं.

तिसरं आणि चौथं. हिरवी.

तोंडाची दाराकडची कड. हिरवी.

आडव्या दोन्ही कडा, जेवढ्या शाबूत होत्या तेवढ्या. हिरव्या.

भिंतीकडची कड.

तिने मणी तिथे टेकवायला उशीर लावला. फिटर तिच्याकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या पंजाकडे बघत होता, जसं कुणी स्टेशनवर सोडायला आलेल्या माणसाकडे बघतं.

टिक्. लाल.

पुढे सरकून टिक्. लाल. त्याच्याही पुढे. लाल, लाल, लाल.

"संपलं," दादा म्हणाला.

"थांब!"

"बाजूला हो, रक्त उडेल."

"दादा, थांब! एकाच अंगाला का?" ती एका दमात बोलत सुटली. "ऐक. हे म्हणतायत पंच एकाच अंगाला घासत होता. तोंड लहान झालं असतं तर चारी बाजूंना घासला असता ना? एकाच बाजूला घासतोय म्हणजे तोंड लहान नाहीये, तोंड सरकलंय. आख्खं. यांनी घासायच्या आधीपासून. फाइलीतच सरकलेलं असेल तर नवी प्लेट फाइलीशी जुळवून काय उपयोग? मला जुनी प्लेट मोजू दे."

"नवऱ्याला वाचवायला काहीही बोलशील."

"तूच म्हणतोस ना मोजून मारतो? मग नीट मोजू दे. अर्धं मोजून मारलंस तर तू आणि नाक्यावरचा गुंड, फरक काय?"

हे त्याला लागलं. तिला ठाऊक होतं, लागणार.

"जुनी घे," दादा म्हणाला. "लवकर. माझे दंड भरून आलेत. मी सोडला काय आणि सुटला काय, एकच."

फोन

दादाच्या खिशात वाजला.

दांडा सोडल्याशिवाय त्याला घेता येईना. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला.

"काढ. स्पीकरवर टाक. आणि तोंडातून ब्र निघाला तर बघ."

चिमीने त्याच्या खिशातून काढला. इतक्या जवळून त्याला घामाचा आणि दवाखान्याचा वास येत होता.

"दादा?" धाकट्याची बायको. "दादा, काढला डोळा. नाहीच म्हणाले राहणार. काढला." मग नुसते हुंदके. मागे कुणीतरी स्ट्रेचर ओढत होतं. "तुम्ही कुठे आहात? ते शुद्धीवर आलेत. सारखं दादा कुठे, दादा कुठे, चाललंय. मी एकटी काय करू इथे? ताई पण फोन उचलत नाहीत."

ताई फोन हातात धरून उभी होती. एक शब्द पुरला असता. तिने ओठ उघडले, आणि प्रेसकडे बघितलं. दादाने ठोकळा इतका खाली आणला होता की तो फिटरच्या मधल्या बोटाच्या नखावर टेकला होता. नख पांढरं पडलं होतं.

"येतो," दादा म्हणाला. आवाज इतका मऊ, की तो या खोलीतून निघाला असं वाटेना. "त्याला म्हणावं दादा येतोच आहे. एक काम उरकून. पाणी दे त्याला थोडं. नाही, डॉक्टरांना विचारून दे."

फोन बंद झाला.

दादाने ठोकळा वर घेतला. मग तोंड उघडलं आणि ओरडला. शब्द नव्हते त्यात. पत्र्याचं छप्पर थरथरलं. त्याने डोकं प्रेसच्या खांबावर आपटलं, एकदा, दोनदा, कपाळ फुटेपर्यंत, आणि तेवढ्यातही दांडा सोडला नाही.

"मोज," तो म्हणाला.

पुन्हा तीन, पुन्हा दोन

जुनी प्लेट कोपऱ्यात पडलेली होती. एरवी दोघे उचलायचे. चिमीने ती एकटीने ओढली, टेबलाच्या पायाशी उभी केली, पोटाने रेटून वर चढवली. तिचं बोट प्लेटखाली चेंगरलं, नखातून रक्त आलं. मागच्या वेळी माणसांनी ठेवली होती तशीच अडणाला टेकवली. दात कुठेतरी खाली गेला.

या प्लेटचं तोंड झिजून एका अंगाला तुटलेलं होतं. म्हणूनच नवी बनवायची होती. नव्या प्लेटची भोकं चिमीने या जुनीवरून मोजून घेतली होती. तोंडाचा आकार मात्र गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरून, कारण तुटकं तोंड मोजून काय करणार. भोकं इथली, तोंड तिथलं. दोन्ही एकाच खुंटीला टांगायचं. ती खुंटी म्हणजे शून्य.

वरच्या सपाटीवर काळं, चिकट, वर्षानुवर्षांचं ग्रीस होतं. मागच्या वेळी तिने मण्यापुरते तीन ठिपके पुसून भागवलं होतं. आता तिने रॉकेलचं फडकं घेतलं आणि सगळीच प्लेट पुसायला लागली. वेळ काढायला, खरं तर. हात चालू राहावा आणि डोक्यात काहीतरी यावं म्हणून.

"पुसत काय बसलीस? लग्नाला न्यायचीय का?"

"घाण असली की माप उडतं."

भिंतीकडच्या कोपऱ्यात, अडणाला लागून, फडक्याखाली काहीतरी खरखरलं. तिने पुन्हा पुसलं.

भोकाशेजारी छिन्नीने मारलेला बाण. ज्या कारागिराने ही प्लेट पहिल्यांदा केली, त्याने मारलेला. हे शून्य, असं सांगणारा. भिंतीकडचं भोक.

दाराकडचं नव्हे.

चिमीने अडणाकडे बघितलं, शटरकडे बघितलं. अडण भिंतीकडे होतं. अडण नेहमी दाराकडे असायचं. माणसं प्लेट आणून तिचा बाणाचा कोपरा अडणाला लावत, अडण दाराकडे, म्हणून शून्य दाराकडे. इतकं साधं. पण मागच्या महिन्यात नवं ग्राइंडर आत घ्यायला जागा नव्हती आणि हे टेबल उचलून उलटं ठेवलं होतं. टेबल फिरलं, अडण फिरलं, प्लेटा फिरल्या. वाक्य तेवढं जागच्या जागी राहिलं. मधल्या दिवसांत सगळी गोल कामं आली, त्यांना कुठूनही धरलं तरी चालतं. ही पहिली चौकोनी.

तिने तीन टिक् घेतले. मग दोन.

या वेळी हात अजिबात हलला नाही.

एक

मणी भिंतीकडच्या भोकात. टिक्.

"तिकडे कुठे?" दादा म्हणाला. "शून्य दाराकडे."

"बघ तू."

तिने ड्रॉइंग उघडून स्क्रीनवर जुन्या प्लेटवर सोडलं. मग तोंडाच्या ज्या कडा शाबूत होत्या त्यांवर मणी टेकवत गेली. हिरवं. हिरवं. जिथे तुटलं होतं तेवढं सोडून चहूकडे हिरवं. ड्रॉइंग जुन्या प्लेटवर कातडीसारखं बसलं.

"आता हेच दाराकडून," ती म्हणाली, आणि शून्य बदललं. ड्रॉइंग स्क्रीनवर गर्रकन फिरलं. वरवर तसंच दिसत होतं, कारण आकार दोन्हीकडून जवळपास सारखा. जवळपास. भिंतीकडची आख्खी कड लाल झाली.

"कळलं? नवी प्लेट अशी बनली. भोकं बरोबर, तोंड उलटं. घासत होतं ते याच कडेला. यांनी जिथे घासलं तिथे घासायलाच हवं होतं, दादा. आणखी घासलं असतं तर कदाचित धाकटा..." ते वाक्य तिने सोडून दिलं. "यांचा हात सोड. शून्य मी घेतलं. चूक माझी."

"नाही," फिटर म्हणाला. "ती काहीही बोलतेय. दादा, तिला नका—"

"तुम्ही गप्प बसा हो जरा!"

दादाच्या कपाळावरून रक्त भुवईत उतरत होतं. त्याला ते पुसता येत नव्हतं.

"तू," तो म्हणाला.

"मी."

"तुला एवढं शिकवलं. एकच गोष्ट सांगितली होती, एकच. शून्य..."

तो थांबला.

"कुठे?" चिमी म्हणाली. तिला थांबता आलं असतं. तिचा नवरा मोकळा होईपर्यंत तरी तिने थांबायला हवं होतं. पण फ्रॉक घालायच्या वयापासूनचं काहीतरी तिच्या घशात येऊन बसलं होतं. "बोल ना, कुठे? कुणी शिकवलं? आणि टेबल कुणी फिरवलं, दादा? आम्ही म्हणत होतो, राहू दे, माणसं येऊ देत. तू एकट्याने पहार घालून फिरवलंस. सगळ्यांना दाखवलंस दंड किती आहेत ते. तूच केलंस. आता मोजून मार. कुणाला मारतोस?"

दादाने टेबलाकडे बघितलं. अडणाकडे. शटरकडे. पुन्हा अडणाकडे. त्याचे ओठ हलत होते, मनातल्या मनात टेबल उचलून पूर्वीच्या जागी ठेवून बघत असल्यासारखे.

"मी?" तो म्हणाला. "मी काढला त्याचा डोळा?"

दादाने दांडा सोडला असं म्हणता येणार नाही. तो विसरला. इतका वेळ दोन हातांनी काय धरून ठेवलंय तेच विसरला, आणि ते हात कपाळाकडे गेले.

गोळे फिरले.

चिमीच्या हातात बगळ्याची मान होती. ज्याला कुणाचा धक्का लागला तर ती दिवसभर बोलत नसे, तो बगळा तिने दोन्ही हातांनी प्रेसमध्ये खुपसला. टेबलापासून प्रेसपर्यंत तो पोचत होता. चोच पलीकडे गेली, कोपराचा जाड सांधा ठोकळ्याखाली आला, आणि वरून ते सगळं वजन गरगरत उतरलं.

हाड मोडल्यासारखा आवाज. नळी फुटली, आतल्या तारा बाहेर आल्या, माणकाचा मणी कुठेतरी उडाला. ठोकळा सांध्यावर बसला, एका अंगाला कलला, आणि अडकला. पूर्ण नाही. कललेल्या बाजूला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट होतं.

फिटरचा आवाज चिमीने त्याआधी कधी ऐकला नव्हता असा निघाला.

नंतर

तिने दांडा उलटा फिरवला. दादा शेजारी उभा होता, पण तो मदतीला आला नाही आणि आड आला नाही. तिने क्लॅम्प सोडवले, पट्टी फेकली, हात बाहेर काढला. करंगळी नुसती कातडीला होती. शेजारचं बोट सपाट. बाकीची तीन निळी पडली होती, पण तीन होती. तिने पदर फाडून आवळून बांधला. फिटर प्रेसला टेकून बसला आणि थंडी वाजल्यासारखा कुडकुडायला लागला.

"मी त्याला काय सांगू?" दादा म्हणाला. "वाट बघतोय तो माझी. चिमे, मी जाऊन काय सांगू त्याला?"

जमिनीवर मोठा पाना पडलेला होता. टोकाला फिटरचं रक्त. म्हणजे दात या पान्याने पडला होता.

चिमीने तो उचलला.

पहिला घाव दादाच्या दंडावर बसला. त्याने हात वर केला नाही. दुसरा खांद्यावर, काहीतरी कडकन वाजलं. तो खाली बसला. बसून त्याने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, जसे तो लहानपणी भावंडांना करायला लावायचा. त्याने ते केलं नसतं तर कदाचित ती थांबली असती. तिने त्या हातांवर मारलं. बोटांवर. दादा ओरडला नाही, आणि तो ओरडत नाही म्हणून तिने आणखी जोरात मारलं. तिला बादलीतलं डोकं दिसत होतं, पट्टा दिसत होता, पहिलं ताट दिसत होतं, धाकटा टेम्पोत डोळा दाबून धरलेला दिसत होता. पाना तिच्या हातात हलका हलका होत गेला. तिने तो डोक्याच्या वर नेला. दादाच्या टाळूवर, जिथे केस विरळ झाले होते, तिथे तिने नेम धरला.

मनगट कुणीतरी पकडलं.

फिटर कधी उठला ते तिला कळलं नव्हतं. त्याने उजव्या हाताने धरलं होतं, त्याच हाताने, पदर रक्ताने जड झालेल्या हाताने. अंगठा आणि दोन बोटं. तिने हिसका दिला. तो वेदनेने गुरगुरला, पण पकड सुटली नाही. त्याचं रक्त तिच्या कोपरापर्यंत वाहत आलं.

"सोडा," ती म्हणाली.

"तू सोड."

"आधी तुम्ही."

"तू सोड गं," फिटर म्हणाला. पडलेल्या दातामुळे शब्दांतून वारा जात होता. "मला जास्त वेळ नाही धरता येणार."